लोणारचे कोडे

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पाहुणे येतात ते आम्हांलाच भेटायला येतात, असा माझा बरीच वर्षे समज होता. लोणारच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने तो बाळगू नये. पुण्या-नागपूरचे आप्त येतात, पहिल्या दिवशी चकली-अनारशांचा यथास्थित समाचार घेतात, प्रकृतीची विचारपूस करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता विषय काढतात, "मग, तळे पाहायला केव्हा निघायचे?" घरची मंडळी माझ्याकडे पाहून हसतात आणि मी निमूटपणे पायांत वहाणा चढवतो.

काठावर पोचल्यावर मात्र कितीही बोलका पाहुणा क्षणभर गप्प होतो. सपाट माळरान चालून यावे आणि पुढे एकदम जमीनच नसावी, असे ते दृश्य आहे. जवळजवळ तंतोतंत गोल असा हा खड्डा या काठापासून त्या काठापर्यंत १,८३० मीटर रुंद आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. तळाशी हिरवट, खारे पाणी. भोवती बाभळीचे रान. त्या रानातून डोकावणारी जुन्या देवळांची शिखरे. आणि सगळ्यांना कवेत घेणारी, भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर वर उचललेली कड. ही उचललेली कड वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती कामास येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी शाळेतल्या मुलांची सहल घेऊन तेथे गेलो होतो. नेहमीप्रमाणे सगळे सांगितले. आकाशातून अशनी पडला, त्याने हा खड्डा झाला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली आणि १९७३ साली त्याचे कारण पुराव्याने सिद्ध झाले. मुले चिवडा खात ऐकत होती. एवढ्यात सहावीतली एक मुलगी बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "गुर्जी, मंग दीडशे वर्सं लागले?"

"लागली."

"मंग ते लोकं थकले काऊन नाई?"

मी जिज्ञासा, ज्ञानाची तळमळ वगैरे शब्द तिच्यापुढे टाकले. तिने ते ऐकून घेतले आणि पुन्हा चिवड्याकडे वळली. उत्तर मिळाल्यावर मुलांचा चेहरा कसा होतो ते आम्हां मास्तरांना ठाऊक असते. तिचा तसा झाला नव्हता. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. विज्ञानाचे मला जे कळते ते वाचून आणि विचारून. पण माणसे का थकतात आणि का थकत नाहीत, हा काही केवळ शास्त्रज्ञांचा विषय नव्हे.

लोणारची कहाणी अलेक्झांडरसाहेबाच्या फार आधीची आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. साहेबाने नोंद केली म्हणजे साहेबाने शोधले, असे समजण्याची आपल्याला एक खोड लागली आहे. लवणासुर या भूमीच्या पोटात दडून बसला होता, विष्णूने त्याच्या बिळाचे झाकण उडवून दिले आणि त्याचा वध केला, ही कथा आमच्या भागातील म्हातारी माणसे आजही सांगतात. लोणार गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याच कथेचे. अकबराच्या दरबारात अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी' सिद्ध केली तीत लोणार आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, येथल्या डोंगरांत काच आणि साबण करण्याचे सामान मिळते आणि त्यावरील जकातीचे उत्पन्न सरकारजमा होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तळ्यातून निघणाऱ्या खाराच्या प्रकारांना गावकऱ्यांनी पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की अशी निरनिराळी नावे दिलेली होती. डोळ्यांनी आणि जिभेने जेवढे पारखता येते तेवढे लोकांनी पारखून ठेवले होते. राहिला होता तो एकच प्रश्न, की हे झाले कसे?

एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांना हा प्रश्न अवघड वाटला नसावा. आपला सगळा वऱ्हाडप्रांत, किंबहुना महाराष्ट्राचा बहुतेक भाग, काळ्या दगडाचा. हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला आणि थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. ज्वालामुखीच्या दगडात गोल खड्डा सापडला तर तो ज्वालामुखीचाच असणार, इतके ते सरळ होते. पण त्या सरळपणात एक काटा होता. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८७९ साली निघाला. त्यात त्यांनी म्हटले, की पाण्याने झिजून असला खड्डा होऊ शकत नाही. आणि जमीन नुसती खचली म्हणावे, तर काठावर सुट्या धोंड्यांची ही उचललेली कड कोठून आली? तेव्हा हा स्फोटच असला पाहिजे. स्फोट म्हणजे त्यांच्या मते अर्थातच भूमीच्या पोटातला.

यात त्यांचे निम्मे बरोबर आले आणि निम्मे चुकले. स्फोट झाला हे खरे. तो खालून झाला हे खोटे. पण कड उचललेली आहे आणि ती सुट्या धोंड्यांची आहे, ही नोंद मात्र त्यांनी आपल्या मताला सोयीची-गैरसोयीची न पाहता लिहिली. मत बदलले, नोंद राहिली. या गोष्टीकडे मी फार उशिरा लक्ष दिले.

आता थोडा वेळ अमेरिकेत जावे लागेल. ॲरिझोनाच्या वाळवंटात लोणारसारखाच, पण लहान आणि कोरडा, असा एक गोल खड्डा आहे. त्याच्या आसपास लोखंडाचे आकाशातून पडलेले तुकडे सापडत, म्हणून ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाचे मोठे भूशास्त्रज्ञ १८९१ साली तेथे गेले. हा तारा पडून झालेला खड्डा असावा अशी त्यांना स्वतःलाच शंका होती. त्यांनी दोन कसोट्या लावल्या. लोखंडाचा प्रचंड गोळा खाली पुरला गेला असेल तर चुंबकाची सुई तिकडे ओढली जाईल. आणि त्या गोळ्याने जागा अडवली असल्यामुळे काठावर साचलेली माती खड्ड्यात मावणार नाही, उरेल. शिक्षकाला दाखवून द्यावा असा हा प्रयोग आहे. त्यांनी मोजले. सुई हलली नाही. माती खड्ड्यात बरोबर मावत होती. गिल्बर्टांनी आपली आवडती कल्पना बाजूला ठेवली आणि हा वाफेच्या स्फोटाने झालेला खड्डा आहे असा निर्णय दिला. १८९६ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानात त्यांनी जोडीला दाखला दिला तो कोणाचा? आमच्या लोणारचा! हिंदुस्थानात ज्वालामुखीच्या दगडात असाच एक खड्डा आहे, असा.

दैवाची गंमत पाहा. दोन्ही खड्डे सख्ख्या भावांसारखे आहेत हे गिल्बर्टांनी हजारो मैलांवरून, नुसत्या वर्णनांवरून ओळखले. नाते बरोबर जुळवले आणि बापाचे नाव मात्र चुकीचे लावले. चंद्रावरचे खड्डे बाहेरून येऊन आदळलेल्या वस्तूंमुळे झाले, असे याच गृहस्थाने त्याआधी तीन वर्षे, १८९३ साली लिहिले होते. वर चंद्रावर जे दिसले ते पायाखाली दिसले नाही. पण त्यांना हसू नये. सुई हलली नाही, हे खरेच होते. गोळा खाली नव्हताच. तो इतक्या वेगाने आला होता, की आदळताक्षणी त्याच्या वेगाची उष्णता झाली आणि त्याची बहुतांशी वाफ व चुरा होऊन गेला. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येणारी वस्तू दगडासारखी पडत नाही, सुरुंगासारखी उडते. म्हणूनच तिचा खड्डा गोल होतो, मग ती तिरकी का येईना. हे त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

त्याच खड्ड्याने दुसऱ्या एका माणसाचे आयुष्य खाल्ले. डॅनिअल बॅरिंजर हा फिलाडेल्फियाचा खाणमालक. त्याने १९०३ साली ती जागा हाती घेतली. हा खड्डा आकाशातून पडलेल्या लोखंडाचा आहे, अशी त्याची खात्री होती आणि ती अगदी बरोबर होती. पण त्याहून मोठी खात्री अशी होती, की ते लाखो टन लोखंड खाली शाबूत आहे आणि ते काढून आपण कुबेर होऊ. सत्तावीस वर्षे तो भोके पाडत राहिला. एक भोक रिकामे निघाले की दुसरीकडे. स्वतःचा पैसा गेला, इतरांचा गेला. अखेर १९२९ साली मोल्टन नावाच्या गणितज्ञ खगोलवेत्त्याने हिशेब मांडून दाखवला, की खाली मिळण्याजोगे काही उरलेलेच नाही. तो अहवाल आला आणि त्याच नोव्हेंबरच्या तीस तारखेला बॅरिंजर हृदयविकाराने गेला. चिकाटी म्हणाल तर याच्याइतकी कोणाची? गिल्बर्ट चुकले आणि शांतपणे पुढच्या कामाला लागले. बॅरिंजर बरोबर होता आणि खचून मेला. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, मला हा मनुष्य फार मोहात पाडतो. पण त्याचे प्रत्येक रिकामे भोक त्याला पराभव वाटले. खरे तर प्रत्येक रिकामे भोक काहीतरी सांगत होते. त्याला ते ऐकायचे नव्हते.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला बरी नाही, पण तिच्यावाचून पुढचे लिहिता येणार नाही.

मी ज्या शाळेत प्रथम नोकरीला लागलो तेथे आवारात एक पर्जन्यमापक होता. माझ्या आधीच्या वृद्ध गुरुजींनी तो बसवून घेतला होता आणि रोज सकाळी त्यातले पाणी मोजून ते एका लांबट वहीत लिहीत. कोणी सांगितले नव्हते, कोणी पगार देत नव्हते. निवृत्त होताना त्यांनी ती वही आणि मोजपात्र माझ्या हाती दिले. पहिला पावसाळा मी मोठ्या उत्साहाने लिहिला. मृगाच्या पहिल्या सरीला तर मी मुलांना घेऊन नाचलो होतो. मग आले कोरडे महिने. रोज सकाळी जायचे, झाकण काढायचे, आत काही नसायचे, आणि वहीत शून्य लिहायचे. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. शून्य, शून्य, शून्य. वाचकहो, सतत काम करणे कठीण नाही. सतत काही न घडणाऱ्या कामावर जाणे कठीण आहे. तिसऱ्या वर्षी मी एक युक्ती काढली. चैत्रात पाऊस कोठला यायला बसला आहे? तेव्हा महिन्याच्या पहिल्याच तारखेला मी तीसही शून्ये एका दमात लिहून टाकली आणि सुट्टी लागताच सासुरवाडीला गेलो.

त्या महिन्यात गारपीट झाली. काढून ठेवलेला गहू भिजला, आंब्याचा मोहोर झडला, कौले फुटली. माझ्या वहीत त्या दिवशी शून्य होते. मी परत आलो तेव्हा पात्रातले पाणी वाळून गेले होते.

काही दिवसांनी गुरुजी सहज म्हणून शाळेत आले. त्यांनी वही मागितली. ते पान उघडून बराच वेळ पाहत राहिले. माझे कान तापले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या काळातली पाने मागे उलटली, एका जुन्या पौषावर बोट ठेवले आणि म्हणाले, "बेटा, हे शून्य मी पाहून लिहिले आहे." एवढेच बोलले आणि वही मिटून माझ्याकडे दिली. गारपिटीच्या पावसाचा तो आकडा आता कोणालाही कधीही मिळणार नाही.

असो. आपण लोणारला परत येऊ.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि क्रिस्टी या दोघांनी लोणारचा अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. क्रिस्टी रसायनज्ञ होते. खड्डा कसा झाला, या मोठ्या प्रश्नाबाबत या दोघांचाही कल ज्वालामुखीकडेच राहिला, म्हणजे त्यांचे उत्तर चुकलेच. पण त्यांचा पुष्कळसा वेळ गेला तो पाण्यात. या पाण्यात कोणते क्षार किती आहेत, ते कोठून येतात, याचा त्यांनी छडा लावण्याचा प्रयत्न केला. खड्डा वरून झालेला असो की खालून, पाण्यातला सोडा तेवढाच भरतो. म्हणून लोणारच्या पाण्याचा विचार करणाऱ्याला पुढेही त्यांच्या कामाकडे वळून पाहावे लागले. हे ला टूशसाहेब निवृत्तीनंतर काय करीत बसले ठाऊक आहे? हिंदुस्थानच्या भूशास्त्रावर आजवर कोणी काय लिहिले, त्याची सूची. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत. माझ्या गुरुजींना हा मनुष्य आवडला असता.

मग पन्नास वर्षे लोणारचे घोडे फारसे पुढे गेले नाही. म्हणजे असे, की नवे तथ्य फारसे न मिळता मते बदलत राहिली. जमीन खचली म्हणणारे होते, वाफ फुटली म्हणणारे होते. आकाशातून काही पडले असेल असे म्हणणारेही निघू लागले. १९६४ साली लाफाँड आणि डिएट्झ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी लोणारवर एक निबंध लिहिला. डिएट्झ हे सागरतळ पसरतो हा सिद्धान्त मांडणाऱ्यांपैकी एक, म्हणजे मोठा अधिकारी पुरुष. लोणारचा खड्डा अशनीचाच असावा असा त्यांचा रोख होता. पण निर्णायक पुरावा हाती नव्हता. तेव्हा त्यांनी काय केले? निबंधाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकले. 'लोणार, एक अशनिविवर?' माझ्या मते लोणारच्या सबंध वाङ्मयात या प्रश्नचिन्हाइतके सभ्य दुसरे काही नाही. आम्ही लेखक मंडळी उद्गारचिन्हे फार वापरतो.

पुरावा लागत होता तो कोणता? ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, उडवू शकतो. पण अशनी आदळताना क्षणाच्या अंशात जो दाब पडतो तो ज्वालामुखीच्या हातचा नव्हे. त्या दाबाची खूण दगडात राहिली असेल तर ती सापडली पाहिजे. अशी एक खूण जगाला ठाऊक होती, आणि तिची हकीकत आपल्याच देशातली आहे. १८६५ च्या ऑगस्टमध्ये बिहारात गया जिल्ह्यात शेरघाटी येथे एक अशनी पडला. त्याचा तुकडा युरोपात गेला. १८७२ साली त्यात चेरमाक नावाच्या शास्त्रज्ञाला एक चमत्कारिक द्रव्य सापडले. बाहेरून स्फटिकाचा आकार, आत मात्र काच. ब्रिटिश म्युझियममधील मॅस्केलिन यांच्या नावावरून त्याला मॅस्केलिनाइट म्हणू लागले. हे होते कसे, हे नव्वद वर्षे उलगडले नव्हते.

आमच्या शाळेत प्रार्थनेला मुले रांगेत उभी राहतात. एकाएकी जवळ सुरुंग उडाला तर काय होईल? पळायला वेळच मिळाला नाही असे धरा. रांग दिसायला रांगच राहील, पण कोणाचे तोंड कोठे आणि कोणाचे कोठे! आतली शिस्त मोडली, बाहेरचा आकार तसाच. मॅस्केलिनाइट म्हणजे असा शिस्त मोडलेला स्फटिक. तापवून वितळवला असता तर तो वाहून आकारही गेला असता. १९६३ साली अमेरिकेत डॅनिअल मिल्टन आणि डी कार्ली यांनी दगडावर स्फोटकांचा आघात करून हे द्रव्य प्रयोगात तयार केले आणि त्याचे जन्मरहस्य उघड झाले.

आणि दहाच वर्षांनी हेच मिल्टन लोणारच्या निबंधावर सही करणाऱ्यांत होते. स्मिथसोनियन संस्थेचे फ्रेड्रिक्सन, आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम्, आणि मिल्टन. या चौघांचा निबंध मे १९७३ मध्ये अमेरिकेच्या 'सायन्स' पत्रात आला. तळ्याच्या तळातून यंत्राने भोके पाडून खालचा दगड वर काढला होता. वरचा गाळ, त्याखाली फुटलेल्या दगडांचा थर, आणि त्या फुटक्या दगडांत मॅस्केलिनाइट! आघाताच्या शंकूसारख्या रेघाही मिळाल्या. काठावर चर खणले तेव्हा त्यांत वितळून फसफसलेले दगड आणि काचेचे बारीक मणी निघाले. कोडे सुटले. अबुल फजलाने लोणारला विष्णुगया म्हटले होते. त्या विष्णुगयेच्या कुलुपाची किल्ली निघाली ती खऱ्या गयेच्या जिल्ह्यात पडलेल्या दगडात. कादंबरीत मी असे घातले असते तर संपादकांनी ओढूनताणून जमवले म्हणून परत पाठवले असते.

या अखेरच्या घाईचे एक कारण चंद्र होता. १९६९ पासून माणसे चंद्रावर उतरून तेथले दगड आणू लागली होती. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे आपल्यासारखाच लाव्ह्याचा काळा दगड, आणि त्यात खड्डेच खड्डे. पृथ्वीवर काळ्या दगडात आघाताने झालेला खड्डा तोवर दुसरा ठाऊक नव्हता; ब्राझीलमधले पुढे ओळखले गेले. लोणारचे काचेचे मणी आणि फुटीर दगड चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी जुळले. गिल्बर्टांनी एका हाताने चंद्र आणि दुसऱ्या हाताने लोणार उचलले होते. ते दोन हात जुळायला ऐंशी वर्षे जावी लागली.

मुलीचा प्रश्न मी विसरलेलो नाही. ही सगळी नावे पुन्हा पाहा. अलेक्झांडर, ब्लॅनफर्ड, गिल्बर्ट, ला टूश, क्रिस्टी. यांपैकी एकालाही उत्तर मिळाले नाही. दीडशे वर्षे कोणी एकटा चाललाच नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे तेवढे मोजले, मोजल्यासारखे लिहिले आणि वही दुसऱ्याच्या हाती दिली. एकट्या बॅरिंजरने उत्तराला कवटाळले. बाकीच्यांना आजच्या दिवसाची नोंद पुरत होती असे मला वाटते. गिल्बर्टांची न हललेली सुई हे पाहून लिहिलेले शून्य होते. आणि मोल्टनचा हिशेब काय सांगत होता? सुई खरे बोलली होती, एवढेच.

आणि ही वही मिटली आहे असे कोणी समजू नये. खड्डा केव्हा झाला, याचे भांडण अजून ताजे आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील काच तापवून तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून बावन्न हजार वर्षे असे वय निघाले होते. पुष्कळ पाट्यांवर आणि पुस्तकांत तेच आहे. मीही मुलांना तेच शिकवत असे. २०११ साली जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडात साचलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढले, ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे आले. एकदम अकरापट! त्या वर्षी मी फळ्यावरचा आकडा पुसला तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "गुर्जी, मंग आधीचं खोटं होतं?" मी म्हटले, आधीचेही मोजलेलेच होते. त्याला ते पटले नाही. मलाही ते नीट समजावून सांगता आले नाही.

पुढे जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. गावात तर्कांना ऊत आला. लवणासुराच्या रक्तापर्यंत मजल गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्म जीव त्याला कारण असल्याचे निघाले. पाऊस पडला, पाणी वाढले, रंग गेला. माझ्या शेजाऱ्यांनी सांगितले, की पूर्वीही असे झाले होते. केव्हा, ते कोणाला सांगता येईना. कोणी लिहून ठेवले नव्हते.

आमच्या सध्याच्या शाळेतही आता एक पर्जन्यमापक आहे. तो मी बसवून घेतला. जुनी वही मात्र त्या शाळेतच राहिली. तिच्यातल्या त्या चैत्रावर मी लाल शाईने रेघ मारून 'पाहिले नाही' असे लिहून आलो आहे. नव्या वहीचे काम मुलांकडे पाळीने असते. अडचण येते ती सुट्टीत. दिवाळीत शाळा बंद, मुले मामाच्या गावी, आणि आश्विन-कार्तिकात पात्र बहुधा कोरडेच. गेल्या दिवाळीत मी किल्ली कोणाला द्यावी म्हणून विचारले, तेव्हा त्याच चिवडेवाल्या मुलीने हात वर केला. ती आता आठवीत आहे.

नरकचतुर्दशीच्या दिवशी मी पहाटेची आंघोळ उरकून, फराळाला बसण्याआधी, सहज शाळेवरून चक्कर मारली. खोटे कशाला सांगू, सहज नव्हे. तपासायलाच गेलो होतो. ती आधीच आलेली होती. केसांचे तेल अजून निथळत होते, अंगावर नवा परकर-पोलका, आणि मागे धाकटा भाऊ टिकल्यांचे पिस्तूल वाजवीत उभा. तिने झाकण काढले, पात्र उन्हाकडे धरून आत डोळा लावून पाहिले, उपडे करून तळहातावर झटकले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"काईच नाई, गुर्जी."

मग पायरीवर बसून तिने वही उघडली आणि तारखेपुढे शून्य काढले.